विदुलाताईंचं खोडरबर

आमच्याकडे येणारा इंग्रजी पेपर आधी गॅलरीत नेऊन झटकावा लागायचा. तसाच उघडला तर आतून खोडरबराचा भुगा लादीवर पडायचा आणि आई म्हणायची, "आत्ताच केर काढला होता गं मी."

पेपर आमचा नव्हता. समोरच्या फ्लॅटमधल्या विदुलाताईंचा होता. ऑफिसला निघताना त्या तो आमच्या दाराच्या कडीत अडकवून जायच्या. घडी अशी घातलेली असायची की सुडोकूचं पान वर यावं. कोडं त्यांनी सकाळीच सोडवलेलं असायचं आणि मग सगळे आकडे खोडलेले असायचे, कारण नंतर ते मला सोडवायचं असायचं.

आमच्या मराठीच्या सरांनी कॉलेजच्या अंकासाठी 'न विसरता येणारं माणूस' यावर लिहायला सांगितलं. वर्गातल्या बहुतेकांनी शाळेतल्या बाईंवर लिहिलं. मी बाबांवर लिहायचं ठरवलं होतं, दोन पानं लिहूनही झाली होती. पण मध्येच विदुलाताई यायला लागल्या. बाबांवरच्या लेखातही त्यांनी बाबांना मागे टाकलं. शेवटी मी ती पानं बाजूला ठेवली. हे मी थोडं नाइलाजाने लिहितेय, हे आधीच सांगितलेलं बरं.

विदुलाताई चाळिशीच्या होत्या. अंधेरीला एका विमा कंपनीत कामाला. गिरगावातली जागा विकून आईला, म्हणजे माईंना, घेऊन त्या आमच्या बिल्डिंगमध्ये, सिल्व्हर पार्कला राहायला आल्या तेव्हा मी बारावीत होते. लग्न केलं नव्हतं. वडील कॉलेजात गणित शिकवायचे, ते गेले होते, पण त्यांची पुस्तकं आली होती. सामान चढवताना हमाल एकेक खोका उचलून विचारत होता, "इसमें क्या पत्थर है?" आणि विदुलाताई म्हणत होत्या, "हाँ भैया, बाबा का पत्थर है, संभालके." बाबा गेलेल्या माणसाने असं बोलावं याचं माझ्या आईला फार आश्चर्य वाटलं होतं.

त्यांचं हिंदी तसंच होतं, वाटेल ते मराठी त्यात घालायच्या. भाजीवाल्याला म्हणायच्या, "ये मेथी इतनी मरगळलेली क्यूँ है?" भाजीवाला आझमगडचा. त्याने तो शब्द उचलला. पुढे तो सगळ्या गिऱ्हाइकांना सांगायचा, "एकदम ताजा है भाभी, मरगळेला नहीं है." पलीकडच्या नया नगर वस्तीतून येणाऱ्या बायकाही मग मरगळेला पालक नको म्हणायला लागल्या. विदुलाताईंना याचं काही विशेष वाटायचं नाही. मी मात्र हिंदी बोलताना आधी मनात वाक्य जुळवायची, आणि तरीही माझं हिंदी कुणी उचललं नाही.

विसरभोळ्या इतक्या की त्यांच्या घराची दुसरी किल्ली कायम आमच्या फ्रिजवर असायची. संध्याकाळी जिन्यातूनच हाक यायची, "रेश्मा, किल्ली!" छत्री, चष्मा, दूध गॅसवर, सगळं विसरायच्या. पण आकडे विसरायच्या नाहीत. एखादं कोडं त्यांनी सकाळी सोडवलेलं असलं आणि संध्याकाळी मी विचारलं, की मधल्या चौकोनात सात कुठे आहे, तर किल्ली कुलपात फिरवता फिरवता सांगायच्या.

सुडोकू तेव्हा नुकतंच पेपरात यायला लागलं होतं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. नऊ ओळी, नऊ रकाने, आणि त्याचेच नऊ छोटे चौकोन. काही आकडे दिलेले असतात. बाकीच्या जागी एक ते नऊ असे भरायचे, की एका ओळीत, एका रकान्यात, एका छोट्या चौकोनात कुठलाही आकडा दोनदा येता कामा नये. बेरीज नाही, वजाबाकी नाही. इंग्रजीही लागत नाही. म्हणून मला ते आवडलं. इंग्रजी पेपरात मला सरळ वाचता येईल अशी तेवढीच एक जागा होती.

मला ते शिकवलं विदुलाताईंनीच. आकड्यांबद्दल त्या नातेवाइकांसारखं बोलायच्या. "हा सात बघ. कोपऱ्यात जाऊन बसलाय, लग्नात फुगून बसलेल्या आत्यासारखा. तिला कोण हलवणार? मग बाकीच्यांनी सरकून घ्यायचं." किंवा, "दोनला घाई असते. त्याचं ऐकू नकोस." मी अडकले की एकच सांगायच्या, "जिथे सुचत नाही ना, तिथे बघतच बसू नये. शेजारी बघावं." मी शेजारी बघायची. खरंच सुचायचं. आणि सुचल्याचा आनंद व्हायच्या आत वाटायचं, हेही त्यांनीच सांगितलं.

आमच्या घरात हुशार म्हणजे मी होते. आम्ही रत्नागिरीकडचे. बाबा औषधांच्या गोदामात कामाला, सातवी शिकलेले. आई चौथी. काका-आत्यांच्या मुलांमध्येही कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम.ला प्रवेश मिळाला तेव्हा बाबांनी गोदामात पेढे वाटले होते. पाहुणे आले की बाबा म्हणायचे, "हिचं डोकं चालतं हो." मला ते ऐकायची सवय होती. विदुलाताई आल्यावर काही महिन्यांतच बाबा म्हणायला लागले, "मॅडमचं डोकं बघ. फोनवर बोलतायत, चहा पितायत आणि हात चाललाय."

खरंच तसंच होतं. सकाळी नळाला पाणी येण्याची वेळ आमच्याकडे थोडीच. तेवढ्यात सगळं भरून घ्यायचं. विदुलाताई ड्रमाजवळ उभ्या राहून, पेपर भिंतीला टेकवून कोडं सोडवायच्या. ड्रमकडे बघायच्या नाहीत. पाण्याचा आवाज बारीक झाला की पेन्सिल अंबाड्यात खोचायच्या, नळ बंद करायच्या, पाइप बादलीत टाकायच्या आणि पेन्सिल पुन्हा काढायच्या. त्यांच्याकडे कधी थेंब सांडला नाही. मी एकदा तसं करून पाहिलं. स्वयंपाकघरात पाणी झालं, पिठाचा डबा भिजला. आई म्हणाली, "त्यांचं बघून काय करतेस? त्यांचं निराळं आहे."

निराळं काय आहे, ते मला शोधायचं होतं.

पण माझी एक अडचण होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. विदुलाताई पेन्सिल दाबून लिहायच्या. खोडरबराने आकडा जायचा, पण कागदावर वळ राहायचा. पान खिडकीकडे तिरकं धरलं की सगळे आकडे दिसायचे. मी तिरकं धरायची नाही. ट्यूबलाइटच्या बरोबर खाली बसायची, म्हणजे सावली पडणार नाही. तरीही पाच लिहायला जावं आणि पेन्सिलीचं टोक आपोआप खाचेत बसावं, असं व्हायचं. माझा पाच त्यांच्या पाचावरून फिरायचा. कोडं सुटायचं, पण ते मी सोडवलं की माझ्या बोटाने, हे मला कधीच खात्रीने सांगता आलं नाही.

एका रविवारी मी स्टेशनजवळच्या स्टॉलवरून स्वतःचा पेपर आणला. घरात कुणाला सांगितलं नाही. गच्चीवर टाकीच्या सावलीत बसून सोडवला. कोऱ्या कागदावर, एकही वळ नसलेल्या. मग समोर जाऊन विदुलाताईंना दाखवला. त्या चकल्या खात होत्या. त्यांनी चकलीचा तुकडा तोंडात धरला, पान हातात घेतलं आणि म्हणाल्या, "छान. फक्त इथे दोन आठ एका ओळीत आलेत गं." मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "होतं. आठ तसा आगाऊच आहे." त्यांनी मला चकली दिली. मी ती घरी येईपर्यंत हातातच धरून ठेवली.

त्याच वर्षी आमच्या भागातल्या एका वाचनालयाने सुडोकूची स्पर्धा ठेवली. विदुलाताईंनी मला न विचारताच दोघींची नावं दिली. "जिंकलं तर जिंकलं, नाही तर वडापाव खाऊन येऊ," म्हणाल्या. इथून एकच जण मुंबईच्या अंतिम फेरीला जाणार होतं. बाबांनी गोदामात सांगून टाकलं, की आमची रेश्मा आकड्यांच्या स्पर्धेत आहे. मला त्या अंतिम फेरीचं फारसं नव्हतं. मला एवढंच हवं होतं, की एकदा तरी तोच कोरा कागद, त्याच वेळी, आम्हा दोघींसमोर यावा आणि मी त्यांच्या आधी संपवावा. घरी येऊन बाबांना ते सांगावं.

भाईंदर पश्चिमेच्या एका शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. पेन्सिल आणि खोडरबर आपापलं आणायचं होतं. विदुलाताई अर्थात खोडरबर विसरल्या. मी माझ्याकडचं अर्धं तोडून दिलं. शाळकरी मुलं होती, दुकानदार होते, एक बाई कडेवरच्या बाळाला सासूकडे देऊन बसल्या होत्या. तीन कोडी होती. तिन्ही झाली की हात वर करायचा. मग स्वयंसेवक येऊन कागदावर वेळ लिहून घेणार, आणि तीच वेळ धरली जाणार.

विदुलाताई माझ्या पुढे दोन बाकं सोडून, जरा डावीकडे बसल्या होत्या. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, अंबाडा दिसत होता. घंटा झाली. पहिलं कोडं माझं बरं गेलं. दुसऱ्यात अडकले, शेजारी बघितलं, सुटलं. तिसरं निम्म्यावर आलं असेल, तेवढ्यात मी मान वर केली आणि त्यांची पेन्सिल अंबाड्यात गेलेली दिसली. हात वर होता.

एवढ्या लोकांत सगळ्यात आधी. आणि काही विशेष केल्यासारखं नाही, पाणी भरून झाल्यासारखं.

पण स्वयंसेवक येईना. दोन होते, आणि दोघंही मागच्या रांगेतल्या एका गुजराती काकांपाशी अडकले होते. काकांचं म्हणणं होतं की त्यांच्या कागदावरचा आकडा नीट छापलेला नाही. "ये तीन छे के आठ? तमे बोलो ने भाई! ऐसा पेपर देगा तो कैसा चलेगा?" विदुलाताईंनी थोडा वेळ हात वर धरला. मग दुखायला लागला असेल, खाली घेतला. मी माझ्या कागदात डोकं घातलं.

आणि मग मला तो आवाज आला. फू.

तो आवाज मी ओळखत होते. आमच्या दोन्ही घरांची दारं उघडी असली की रोज सकाळी यायचा. खोडून झाल्यावर भुगा उडवायचा तो आवाज. मी वर पाहिलं. विदुलाताई खिडकीबाहेर कावळ्यांकडे बघत होत्या आणि त्यांच्या हातात माझं अर्धं खोडरबर होतं. पहिलं कोडं पूर्ण कोरं झालं होतं. दुसऱ्याच्या वरच्या ओळीही गेल्या होत्या.

त्यांनी खाली पाहिलं.

"अगं बाई," त्या मोठ्याने म्हणाल्या. हॉलमधले सगळे शू शू करायला लागले. मला वाटलं, आता त्या रडतील किंवा स्वयंसेवकाला सांगतील. त्यांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. तोंडावर पदर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग अंबाड्यातली पेन्सिल काढून त्यांनी आठवेल तसे आकडे भराभर भरायला सुरुवात केली, आणि भरतानाही हसत होत्या.

मी माझं तिसरं कोडं पूर्ण केलं आणि हात वर केला. तोवर काकांना नवा कागद मिळाला होता. स्वयंसेवक माझ्याकडे आला आणि त्याने वेळ लिहिली. तो वळतोय न वळतोय तोच विदुलाताईंचा हात पुन्हा वर गेला.

मी पहिली आले. विदुलाताई दुसऱ्या.

बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पण ते देण्याआधी वाचनालयाचे अध्यक्ष माइकवर म्हणाले, "एक गंमत सांगतो," आणि त्यांनी विदुलाताईंना उभं केलं. विदुलाताईंनी माइक हातात घेतला. "आमच्याकडे काय आहे, पेपर एक आणि घरं दोन," त्या म्हणाल्या. "सोडवलं की हात आपोआप खोडायलाच जातो. शेजारणीला द्यायचा असतो ना. ही बघा शेजारीण. हिच्यासाठी खोडलं, आणि हीच पहिली." हॉलभर हसू आणि टाळ्या. त्या टाळ्या थांबल्यावर मला घड्याळ दिलं. तेव्हाही वाजल्या, पण लोकांचे हात बहुतेक दमले होते.

बाबा गल्लीच्या तोंडाशीच उभे होते. रिक्षा थांबायच्या आत विदुलाताई ओरडल्या, "पहिली आली तुमची!" बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. एवढं झालं, आणि मला वाटलं आता सगळं मिळालं. मग विदुलाताईंनी खोडरबराची हकीकत सांगितली. बाबा हसून हसून रिक्षाच्या दांड्याला धरून उभे राहिले. ते घड्याळ अजून आमच्या भिंतीवर आहे. पाहुण्यांनी त्याकडे पाहिलं की बाबा म्हणतात, "त्याची गंमतच आहे. आमच्या समोर एक मॅडम होत्या..."

पुढचे काही दिवस मला एका विचाराने झोप नीट लागली नाही. त्यांनी मुद्दाम तर खोडलं नसेल? बाबांनी गोदामात सांगितलंय हे त्यांना माहीत होतं. माझा चेहरा त्या दोन आठांच्या दिवशी त्यांनी पाहिला होता. तसं असेल, तर मला तो नंबर नको होता. आणि तसं असेल, तर चांगुलपणातही त्याच पहिल्या.

एका संध्याकाळी किल्ली द्यायला गेले तेव्हा मी विचारलंच. "विदुलाताई, तुम्ही ते मुद्दाम केलंत का?"

त्या चपला काढत होत्या. एक चप्पल पायात, एक हातात, तशाच थांबल्या. "काय मुद्दाम?"

"खोडलंत ते."

"नाही गं बाई. एवढी चांगली नाहीये मी." मग आत येऊन बसल्या. "मला जायचं होतं त्या फेरीला. निळी साडी इस्त्री करून ठेवली होती. माईला विचार."

आतून माई म्हणाल्या, "अजून तिथेच लटकतेय ती."

"मग तुम्ही हसलात कशा?"

"हसू आलं, हसले. घरी येऊन माईवर ओरडले ना, आमटीत मीठ नाही म्हणून. मीठ होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पहिली येऊन तुला एवढा त्रास होतोय का? मग दे तो नंबर इकडे."

मलाही थोडं हसू आलं. पण जिना ओलांडून घरी येताना मनात होतं, की राग येतो, एका आमटीवर निघतो आणि सकाळी संपतो, हे कसं जमतं? माझा तर अजून संपला नव्हता, आणि मी जिंकले होते.

अंतिम फेरीला त्या माझ्यासोबत आल्या. निळी साडी नेसून. दारावरच्या माणसाने त्यांनाच स्पर्धक समजून आत सोडलं आणि मला विचारलं, "आपण कोणासोबत?" आतल्या कोड्यांचा कागद गुळगुळीत, पांढराशुभ्र होता. मी पेन्सिल टेकवली आणि ती कुठेच बसेना. मी दोनदा तो कागद उजेडाकडे तिरका धरला. त्यावर काहीच नव्हतं. माझा नंबर बराच खाली आला. बाहेर विदुलाताईंनी वडापाव घेऊन ठेवला होता. "कोडी कशी होती ते सांग," म्हणाल्या. नंबर त्यांनी विचारला नाही.

पुढच्या वर्षी त्यांची नाशिकला बदली झाली. सामानाचा टेम्पो सकाळीच आला. माईंना आदल्या दिवशी भाचा येऊन घेऊन गेला होता. पुस्तकांचे खोके उतरले, ड्रम उतरला. विदुलाताईंनी आईला मिठी मारली. बाबांना म्हणाल्या, "मुलीला सी.ए. करा." मला म्हणाल्या, "ये नाशिकला." आणि खाली गेल्या. त्यानंतर फ्रिजवर किल्ली दिसली. मी ती घेऊन धावत उतरले.

त्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. ड्रायव्हर मागची दोरी आवळत होता. विदुलाताईंच्या मांडीवर पेपर होता, सुडोकूचं पान वर. मी खिडकीशी जाऊन किल्ली पुढे केली.

"अरे हो," त्या म्हणाल्या. "राहू दे तुझ्याकडेच. नवीन लोक येतील त्यांना दे."

मी पेपरकडे बघत होते. कोडं निम्मं झालं होतं, आणि ते पेनाने सोडवलेलं होतं. निळ्या शाईने. मी वरपासून खालपर्यंत पाहिलं. कुठे गिरवलेलं नव्हतं, काट मारलेली नव्हती. इतके दिवस मला वाटायचं, खोडरबर त्यांनाही लागतं.

"पेन?" मी म्हटलं.

"आता वाटेत कोण मागायला बसलंय?" त्या म्हणाल्या. "नाशिकला शेजार बरा मिळाला, तर पुन्हा पेन्सिल."

ड्रायव्हर वर चढला. टेम्पो हलला तेव्हा त्यांनी हात केला, पण मान लगेच खाली गेली. गल्लीच्या वळणावर रिकाम्या अंबाड्याचा मागचा भाग काचेतून दिसला, मग भाजीवाल्याची गाडी मध्ये आली.

मी किल्ली हातात धरून उभी होते. नाशिकच्या त्या बिल्डिंगमध्ये समोरच्या घरात कुणीतरी राहत असेल. तिला अजून काही माहीतही नसेल. एक दिवस तिच्या दाराच्या कडीत पेपर अडकवलेला असेल, आणि उघडला की भुगा पडेल. मला तिचा फार हेवा वाटला.